चौघांचा नॉर्मल

नवं किट आलं की पेशंटच्या आधी त्याला घरचं रक्त पाजायचं, ही त्या लॅबची जुनी रीत. निरोगी माणसाचं रक्त कसं असतं हे आधी बघून ठेवलं नाही, तर आजारी माणसाचं काय ओळखणार? आणि निरोगी माणसं शोधायला बाहेर कशाला जायचं, लॅबमध्ये चौघं होतीच की. डॉक्टर, काउंटरवर बसणारी, रक्त तपासणारी ताई आणि तिचा धाकटा भाऊ, जो गाडी घेऊन ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून नमुने गोळा करून आणायचा. चौघांनी बाह्या वर करायच्या, ताईने सुया टोचायच्या, आणि मग प्रत्येकाचं थोडं थोडं एका नळीत ओतून त्याचा एक नॉर्मल करायचा. एकाने आदल्या दिवशी भलतंसलतं खाल्लेलं असलं, तरी बाकीचे तिघं त्याला सांभाळून घेतात. एकत्र कुटुंबात चालतं तसंच.

भावाला सगळे पैलवान म्हणायचे. चाळिशी उलटली तरी कधी सर्दी नाही की पडसं नाही, म्हणून नॉर्मलसाठी पहिला हात त्याचा. पण सुई टोचताना हाच पैलवान दरवेळी "मेलो, मेलो" म्हणून ओरडायचा आणि काउंटरवाली दरवेळी हसायची. ताई त्याच्या दंडावर एक चापट मारायची. त्या दिवशी सकाळीही हे सगळं रीतसर पार पडलं.

हे किट समोरच्या मोठ्या हॉस्पिटलला हवं होतं. अचानक अर्धं अंग लुळं पडलेला माणूस येतो, तेव्हा त्याच्या मेंदूत गुठळी अडकलीय की वाहिनी फुटून रक्त सांडलंय हे लवकर कळावं लागतं. गुठळीचं औषध रक्त सांडलेल्याला दिलं, तर माणूस हातचा जातो. शेवटचा निवाडा स्कॅनचाच, पण मेंदूत एक प्रथिन असतं, ते निरोगी माणसाच्या रक्तात जवळजवळ सापडत नाही. आत रक्त सांडलं, मेंदू दुखावला, की ते रक्तात उतरतं. ते मोजायचं हे किट.

ताईने नॉर्मल लावला आणि उत्तर आलं ते चढं. थोडंथोडकं नाही, चांगलंच चढं.

"किट खराब आहे," डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "वाटेत तापलं असणार. पुन्हा लावून बघा."

ताईने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. किटबरोबर कंपनीने दोन बाटल्या दिलेल्या असतात, एकीत ते प्रथिन कमी आणि एकीत जास्त, किती ते आधीच ठरलेलं. ताईने त्याही लावून बघितल्या. दोन्हींचं उत्तर अगदी हवं तसं आलं.

"डॉक्टर, किट बरोबर वाटतंय मला."

"बरोबर कसं असेल? नॉर्मल चढा येतोय ना?"

"हो, पण बाटल्या..."

"ताई, चार माणसं समोर हिंडताफिरताहेत, चहा पिताहेत, आणि तुमचं किट म्हणतंय की त्यातल्या एकाच्या डोक्यात रक्त सांडलंय." डॉक्टर स्वतःच्याच विनोदावर हसले. "कंपनीला फोन करा, म्हणावं दुसरं पाठवा."

लॅबमध्ये वर्षानुवर्षं काम केलं की माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: आजार रस्त्यावरून येतो, काउंटरवर नाव सांगतो आणि खुर्चीत बसून हात पुढे करतो. खुर्चीच्या अलीकडे उभे असलेले ते निरोगी. हे कोणी कोणाला शिकवत नाही आणि कोणी तपासूनही बघत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डॉक्टर हसत त्यांच्या खोलीत गेले, पण त्यांचा विनोद मात्र मागेच राहिला, ताईच्या छातीत. चौघांतल्या एकाच्या डोक्यात. कोणाच्या?

आणि तिला उत्तर ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या.

मन चिंती ते वैरी न चिंती. पण ताईचं मन उगाच काही चिंतत नव्हतं, त्याला कारणं होती. किटबरोबरच्या माहितीपत्रात मेंदूतल्या रक्तस्रावाचे धोके छापलेले होते आणि ती मनातल्या मनात एकेकाला होय म्हणत गेली. रक्तदाब? आहे. त्याची गोळी? आठवली तर घेते. पन्नाशी? झाली. झोप? कधी लागते, कधी नाही. घरात कोणाला होतं का? तिथे येऊन ती थांबली.

आईला झालं होतं. आई मोरीपाशी भांडी विसळत होती, "डोकं गं" एवढंच म्हणाली आणि हातातलं पातेलं न सोडता खाली बसली. पाठीमागे ताई उभी होती, फडकं घेऊन. भाऊ शाळेत होता. तो घरी आला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि ताईने त्याला जवळ घेतलं, ते आजतागायत सोडलं नव्हतं. त्याला भात करून घातला ताईने, त्याचं लग्न लावलं ताईने, या लॅबमध्ये चिकटवलाही तिनेच. आणि आईचा तो रोग तिने तेव्हापासून स्वतःच्या नावावर करून ठेवला होता. थोरलीला आईचं सगळंच मिळतं, तसं हेही मिळणार.

तिचं डोकं दुखायला लागलं. उजव्या कानशिलाच्या वर, अगदी बारीक. सकाळपासूनच दुखत होतं का? की आत्ता सुरू झालं? तिने डावा हात उचलून बोटं हलवून पाहिली. फ्रीजच्या चकचकीत दारात तोंड बघून हसून पाहिलं, ओठ एका बाजूला वाकडे होताहेत का म्हणून. नेमकी त्याच वेळी काउंटरवाली आत आली.

"काय हो ताई, एकट्याच हसताय?"

ताईला लपवता येईना. तिने सांगून टाकलं, पण स्वतःचं नाव न घेता. नॉर्मल चढा आलाय, बाटल्या बरोबर आल्यात, एवढंच. काउंटरवाली आधी हसली. मग तिचा हात आपसूक मानेकडे गेला.

"ताई, माझी मान परवापासून धरलीय हो. ते असं असतं का?"

"तुझी मान मोबाइलने धरलीय."

"नाही, खरंच सांगा ना. माझी लेक लहान आहे अजून."

पाचावर धारण बसायला वेळ लागत नाही. थोड्या वेळाने ताई डॉक्टरांच्या खोलीवरून गेली, तर किट खराब म्हणणारे डॉक्टर स्वतःच्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून बसले होते. तिला बघून त्यांनी घाईघाईने बाही खाली ओढली.

तेवढ्यात खाली गाडीचं मागचं दार धाडकन आपटल्याचा आवाज आला. ते दार वर धरून ठेवणारा दांडा केव्हाच मोडला होता. पैलवान त्याला काठीचा टेकू द्यायचा आणि काठी निसटली की दार असं आपटायचं. तो जिना चढून वर आला, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत बर्फाचे डबे.

"काय रे, सुतकी चेहरे का सगळ्यांचे? कोण गेलं?"

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या?" ताई खेकसली. एरवी ती हसली असती.

"अगं, गंमत." त्याने डबे ठेवले, तर एक डबा टेबलाच्या कडेवरच टेकवला. तो घसरून खाली पडला आणि बर्फ जमिनीभर पसरला. पैलवान त्याच्याकडे नुसता बघत राहिला. जणू डबा दुसऱ्याच कोणाच्या हातातून पडला होता.

"लक्ष कुठे आहे तुझं?"

"बूट नवीन आहेत," तो म्हणाला.

हे काही उत्तर नव्हतं. पण ताईचं सगळं लक्ष स्वतःच्या उजव्या कानशिलाकडे होतं. बर्फ तिनेच भरला. खोलीतसुद्धा टोपी कशाला, असं एकदा तिच्या मनात आलं. टक्कल पडायला लागलंय, ते लपवत असेल, म्हणून तिने सोडून दिलं. तो चाव्या उचलून निघाला. डाव्या हातातून चाव्या पडल्या, त्याने उजव्याने उचलल्या.

"आणि गाडी चालवताना फोन—"

"उचलायचा नाही. आईची शपथ. माहितेय गं बाई." तो हसत जिना उतरला.

तो गेल्यावर ताईने फ्रीज उघडला. चौघांच्या नळ्या वेगवेगळ्याही ठेवलेल्या होत्या, तळाशी उरलेलं रक्त होतं त्यांत. एकेकाचं वेगळं लावलं की सोक्षमोक्ष होणार होता. हे तिला पहिल्यापासून कळत होतं आणि म्हणूनच ती इतका वेळ त्या फ्रीजच्या आसपास फिरकली नव्हती. न कळलेल्या गोष्टीशी माणूस घासाघीस करू शकतो. कळलेल्या गोष्टीशी कसली घासाघीस? तिने हातमोजे चढवले तेव्हा तिची बोटं थरथरत होती, आणि थरथर हेही एक लक्षण असतं का, हे ती आठवू लागली.

नळ्या यंत्रात गेल्या. यंत्र आपलं घरघरत राहिलं. ताई स्टुलावर बसून हिशेब करू लागली, पैशांचा नव्हे, माणसांचा. आपण गेलो तर पैलवानाच्या पोरांचं दहावीचं कोण बघेल? तो स्वतः तर गणवेशाची गुंडीसुद्धा शिवू शकत नाही. भावजय गुणी आहे, पण भोळी. याला रागे भरणारं कोण उरेल? मरणाच्या भीतीतही तिला भावाचीच काळजी लागली होती, फक्त काळजीची दिशा चुकली होती.

पडद्यावर पहिला आकडा उमटला. डॉक्टर. कमी. दुसरा, काउंटरवाली. कमी. तिसऱ्याच्या वेळी ताईने डोळे मिटले, मग एकच उघडला.

तिसरं तिचं. कमी. अगदी तान्ह्या बाळाचं असावं इतकं कमी.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते तिला त्या वेळी कळलं. ती स्टुलावरच हसली, मग रडली, मग पदराने तोंड पुसून उठली आणि घटाघटा पाणी प्यायली. डोकं दुखायचं थांबलं होतं. कानशिलावर काही म्हणजे काही नव्हतं. खिडकीतून रस्ता दिसत होता, फळवाला फळं पुसत होता, आणि हे सगळं आपल्याला अजून बरीच वर्षं बघायचंय या आनंदाने तिला भरून आलं. ती तशीच धावत काउंटरवर गेली.

"तुझं बरोबर आहे! डॉक्टरांचंही. माझंही बरोबर आहे गं!"

"देव पावला!" काउंटरवालीने हात जोडले. मग तिचे हात तसेच राहिले. "मग ताई, कोणाचं?"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. ती वळली. यंत्रापर्यंतचं ते एवढंसं अंतर तिला तुडवता तुडवेना. चौथा आकडा केव्हाच येऊन पडद्यावर बसला होता.

टोपी. डबा. चाव्या. बूट नवीन आहेत.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. तो उचलणार नव्हता. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शपथ तिनेच घातली होती, तीही आईची.

डॉक्टरांनी आकडा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं. "कुठे पडला होता का? डोक्याला मार? रक्तदाब किती असतो त्याचा? रक्त पातळ करणारं काही घेतो?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. सगळ्यांची रक्तं तपासणाऱ्या ताईला भावाचा रक्तदाब माहीत नव्हता. पैलवानाचा रक्तदाब कोण मोजतं?

तिने भावजयीला फोन लावला. भावजय रडवेली झाली. "ताई, ते रागावतील. सांगू नको म्हणालेत तुम्हाला."

"काय सांगू नको? बोल लवकर!"

"मागे गाडीचं दार डोक्यावर पडलं ना त्यांच्या. टेंगूळ आलं होतं. म्हणाले, ताईला कळलं तर लगेच सुया टोचेल. तेव्हापासून डोकं दुखतं, म्हणून बाबांच्या गोळ्या घेतात रोज."

"कुठल्या बाबांच्या? कसल्या गोळ्या?"

"माझ्या बाबांच्या. ते हृदयाचं झाल्यावर डॉक्टरांनी दिल्यात ना, रक्त पातळ राहायला. यांना कोणी तरी सांगितलं त्या डोक्यालाही चालतात."

डॉक्टर आपल्या गाडीच्या किल्ल्या घेऊन जिन्याकडे निघाले होते.

वाटेत ताईने दवाखान्यांना फोन केले. पहिल्यातली नर्स म्हणाली, येऊन गेले, पण पायरीवर जरा वेळ बसून होते, पाणी मागितलं. दुसऱ्यातला कंपाउंडर म्हणाला, अजून आलेले नाहीत. म्हणजे तो दोघांच्या मधल्या रस्त्यावर होता, आणि मधला रस्ता म्हणजे उड्डाणपूल, त्याखालचा चौक आणि शाळा सुटायची वेळ. ताई पुढच्या सीटवर बसून प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे बघत होती. कुठे गर्दी जमलेली दिसली की ती खिडकीतून मान बाहेर काढायची. एका ठिकाणी लोक गोल करून उभे होते. डॉक्टरांनी गाडी हळू केली, तर कोणी तरी खेळणी विकत होता. ताईने पुन्हा फोन लावला. उचल रे. मोडली ती शपथ. आई काही म्हणणार नाही, मी सांगते तिला, उचल.

पूल उतरल्यावर, झाडाखाली, रस्त्याच्या अगदी कडेला गाडी उभी होती. नीट लावलेली, दिवे लुकलुकत होते. ताई धावत गेली आणि तिने दार उघडलं.

पैलवान स्टिअरिंगमागे बसला होता. टोपी मांडीवर. फोन उजव्या हातात, आणि तो वाजत होता, कारण ताईच्या दुसऱ्या हातातल्या फोनवरून अजून रिंग जातच होती. भाऊ वाजणाऱ्या फोनकडे टक लावून बघत होता. लहान मूल कुलपाकडे बघतं तसा.

"ताई," तो सावकाश म्हणाला. जीभ जड झाली होती. "तुझाच फोन होता ना? सारखा वाजतोय, म्हणून गाडी थांबवली. चालवताना उचलायचा नाही ना. पण आता... उचलतात कसा, तेच आठवेना."

"राहू दे," ताई म्हणाली. "मी आलेय ना."

"डोकं गं," तो म्हणाला.

आईचे हेच दोन शब्द जन्मभर तिच्या पाठीमागे उभे होते. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि खाली कलू दिलं नाही.

समोरच्या मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झाला. कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्ताचा थर साचला होता, रोज थोडा थोडा, आणि मेंदूला एका बाजूला ढकलत होता. दार पडलं तेव्हा एक बारीक वाहिनी तुटली. एरवी ती बुजली असती, पण गोळ्यांनी बुजू दिली नाही. वर रक्तदाब असा, की नर्सने पट्टा दोनदा बांधून बघितला. कवटीला भोक पाडून रक्त काढावं लागणार होतं. सर्जनने तरुण आवाजात सगळं सांगितलं आणि "आशा आहे" म्हणाला. आशा आहे, हे शब्द पेशंटच्या नातेवाइकांना सांगितले जाताना ताईने रोज दुरून ऐकले होते. जवळून ते इतके पोकळ वाजतात हे तिला माहीत नव्हतं.

बाकावर ती आणि भावजय बसल्या. भावजयीने तिचा हात धरला होता. ताईला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती, आणि ती म्हणजे तो पाण्याचा ग्लास. चौथा आकडा पडद्यावर होता तेव्हा आपण पाणी पीत होतो, हसत होतो, फळवाल्याकडे बघत होतो. तो गेला तर हे आपल्याला कोणापाशी बोलता येणार? जो ऐकून घेईल, तोच आत होता. दाराच्या वरचा लाल दिवा जळत होता आणि ताई एवढी घाबरली होती की तिला रडूही येत नव्हतं.

दिवा विझला. सर्जन बाहेर आला आणि या वेळी "आशा" हा शब्द त्याने वापरला नाही. "बोलतोय," म्हणाला. "पहिलं वाक्य 'मेलो, मेलो' होतं. नर्स घाबरली."

भावजय मटकन खाली बसून रडायला लागली. ताई भिंतीला टेकून उभी राहिली.

काही दिवसांनी, त्याच्या डोक्याला पट्टी होती आणि डावा हात हळूहळू कामाला लागत होता, तेव्हा ती त्याच्या खाटेपाशी बसून सफरचंद चिरत होती. भावजय घरी गेली होती. ताईने सुरी बाजूला ठेवली.

"एक सांगायचंय. माझं बरोबर आलं तेव्हा मी खूश झाले होते. नाचायचीच राहिले होते. तुझं बघायच्या आधी."

तो छताकडे बघत होता.

"मला वाटलं होतं, आईचं ते मलाच होणार. लहानपणापासून वाटतंय. म्हणून मी माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे बघितलंच नाही रे. डबा पडला तरी बघितलं नाही."

पैलवानाने उशीवरची मान जरा वळवली. त्याचा चेहरा बारीक झाला होता, पट्टीखाली तो शाळेतून आलेल्या पोरासारखा दिसत होता, दारात चपला बघून थबकलेला. ओठ थरथरले आणि तिला वाटलं आता हा काही तरी विनोद करणार.

"आई काय तुझ्या एकटीची होती?" तो म्हणाला.